ऑपरेटर

साखऱ्यात त्याला नावानं हाक मारणारी माणसं दोनच: त्याची आई आणि बँकेचा वसुलीवाला. बाकीच्यांसाठी तो ऑपरेटर. लग्नसराईत डीजेच्या गाडीवर मिक्सरमागं उभं राहून त्यानं सेनगावपासून रिसोडपर्यंतच्या वराती नाचवल्या, त्यातून हे पद मिळालं. पुढं डीजेच्या मालकाशी हिशेबावरून बिनसलं. गाडी गेली, मिक्सर गेला, रात्री दहानंतर पोलिसांशी घालायची हुज्जत गेली. पद तेवढं राहिलं. आणि राहिला तो कान.

हा कान साधा नाही. तुम्हाआम्हाला जिथं नुसता आवाज येतो तिथं ऑपरेटरला बेस, मिड आणि टॉप असे तिघं वेगवेगळे बोलताना ऐकू येतात. सप्त्यात कीर्तन झालं की लोक अभंगावर बोलतात, हा म्हणतो, "मिड लई भारी हाय महाराजांचा." एका निवडणुकीत सभेहून परत येताना त्यानं पारावर निकाल दिला, "टॉप जास्त, बेस काहीच नाही." गावानं हे राजकीय भाष्य समजून घेतलं. उमेदवार पडला आणि ऑपरेटर जाणकारांत जमा झाला. तो बिचारा माइकबद्दल बोलत होता.

पण कान खरोखर तयार आहे. सोयाबीनच्या मळणीत शेजारच्या वावरात हडंबा चालू असताना हा बांधावर भाकरी खाता खाता म्हणाला, "बेरिंग चाललंय त्याचं." हडंबेवाल्यानं हसण्यावारी नेलं. दुपारनंतर हडंबा बंद, मजूर सावलीला आणि हडंबेवाला मोटारसायकलवर बेरिंग आणायला हिंगोलीला. तेव्हापासून गावात कुणाची पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर काही वेगळं वाजायला लागलं की मिस्त्रीच्या आधी ऑपरेटरला बोलावतात. तो डोळे मिटून ऐकतो, एकदा मान हलवतो आणि मिस्त्रीला काय सांगायचं ते सांगतो. चहाशिवाय दुसरं काही घेत नाही.

अशा माणसानं गाडी घेतली. मारुती 800. ज्या गाडीची पहिली किल्ली इंदिरा गांधींनी 1983 च्या डिसेंबरात गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि जी 2014 च्या जानेवारीत बनायची थांबली, त्या तीस वर्षांतल्या कुठल्यातरी उतरत्या सालातली. रंग पांढरा, हळदीच्या हंगामात पिवळट. 796 सीसी, तीन सिलिंडर, 37 घोडे. घरच्यांना वाटलं, बरं झालं, दवाखान्याची सोय झाली, हळदीचा ट्रक हिंगोलीच्या मार्केटला गेला की मागोमाग जाता येईल. ऑपरेटर गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्याकडं आला.

"सर, आवाजच नाही हिला."

"मग चांगलंच आहे की."

"गावात शिरलं की कळलं पाहिजे ना, कोण आलंय ते."

"हॉर्न आहे की."

"हॉर्न आपल्याला वाजवावा लागतो," तो म्हणाला. "तसं नाही. आपण हात घडी घालून बसलेलं असावं आन लोकांना आपोआप कळावं."

आमच्या भागात हळद मुबलक, त्यामुळं हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम बनवणारेही बरेच. हंगाम संपला की हेच लोक लोखंडी फाटकं, ट्रॉलीची फाळकी आणि मिळेल ते काम वेल्डिंगला घेतात. त्यांतल्या एकाच्या शेडमध्ये मारुतीची मूळ सायलेन्सरची टाकी कापून काढण्यात आली. तिच्या जागी सरळ पाइप, आणि शेवटाला मनगट आरामात आत जाईल अशी चकचकीत पुंगळी. टाकी भंगारवाल्यानं किलोवर नेली. पुंगळीची किंमत ऑपरेटरनं घरी निम्मी सांगितली.

किल्ली फिरवली तेव्हा शेडमध्ये सगळे भारदस्त काहीतरी ऐकायच्या तयारीत उभे होते. बाहेर आलं ते चिरकं, पत्र्याचं, खरखरीत. रेस वाढवली की फाटायचं, सोडली की पुंगळीत फडफडायचं. गाडी गावात शिरली आणि कोण आलंय ते खरोखर सगळ्यांना कळलं. ओट्यावर बसलेल्या त्याच्या आजीनं विचारलं, "पडसं झालंय का रे हिला?"

इथं ऑपरेटर आणि त्याच्या जातकुळीतले बाकीचे लोक यांच्या वाटा वेगळ्या होतात. बाकीच्यांना आवाज मोठा झाला की पुरतं. बुलेटची पुंगळी काढून बाजारातून फटाके फोडत जाणारी पोरं आपण पाहतो. पुण्या-नागपुरात पोलीस असल्या जप्त पुंगळ्या रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात, तेही मोबाईलवर पाहतो. ऑपरेटरनंही तो व्हिडिओ पाहिला. रोलरखाली पुंगळ्या चपट्या होताना तो कळवळला. "वेल्डिंग बघा सर, किती साफ हाय. कुणाची तरी मेहनत हाय ती." पण त्या पोरांबद्दल त्याला जरासुद्धा आपुलकी नाही. "त्यांला कान नाही," एवढंच म्हणतो. त्याच्या स्वतःच्या गाडीला आता आवाज होता आणि तो त्याला सहन होत नव्हता. मिक्सर असता तर टॉपचं बटण खाली घेतलं असतं. मारुतीला ते बटण कुठं आहे, हे शोधण्यात त्याचं पुढचं वर्ष गेलं.

टॉप येतो कुठून, हे मात्र त्यानं नीट समजून घेतलं आणि मलाही समजावलं. मी विचारलं नव्हतं. मूळ टाकी म्हणजे रिकामा डबा नव्हे. आत पडदे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, लहानमोठ्या खोल्या असतात. धूर एका खोलीतून दुसरीत जातो आणि आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून, मागं फिरून एकमेकींनाच मारतात. तीन सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत तीन धमाके करतं. मिनिटाला चार हजार फेऱ्या झाल्या तर सेकंदाला शंभर धमाके. हा शंभराचा सूर म्हणजे बेस. त्याच्या पाचपट, दहापट, वीसपट जे सूर सोबत निघतात तो टॉप. टाकी होती तोवर टॉप आत मरत होता. सरळ पाइपातून तो सुटतो, आणि पातळ पत्र्याचा पाइप स्वतःही वाजून त्यात भर घालतो.

"आणि बेस?" मी विचारलं.

"तो असायलाच पाहिजे."

"37 घोड्यांत?"

यावर तो काही बोलला नाही. हा आकडा त्याच्यासमोर काढायचा नाही, असं गावात ठरूनच गेलं आहे.

सुरुवात त्यानं शास्त्रशुद्ध केली. सकाळी थंड गाडी चालू करून ओलं फडकं घडी घालून पुंगळीच्या तोंडावर दाबून धरायचं, आणि दुसऱ्यानं गाडीखाली आडवं होऊन कुठं फुसफुसतंय ते ऐकायचं. दुसरा म्हणजे त्याचा चुलतभाऊ, बारावीचा. जोडाच्या गॅस्केटमधून हवा जात होती. तिथून निसटणारी हवाही खरखर करते. गॅस्केट बदललं. इंजिनाजवळ उष्णता अडवायला लावलेला पत्रा सैल होऊन थरथरत होता. त्याला क्लिप मारली. निम्मी खरखर तिथंच गेली. दुसरा कुणी असता तर एवढ्यावर थांबला असता आणि मीही इथं थांबलो असतो.

पण त्याला कुठंतरी समजलं होतं, की टॉप मारायचा तर भोकांच्या नळीभोवती आवाज पिणारं काहीतरी भरावं लागतं. कारखान्यात काचेची लोकर भरतात. ती साखऱ्यात कुठून आणणार? घरात काय होतं, तर कापूस. भाव नाही म्हणून ओसरीत दाबून ठेवलेला. ऑपरेटरनं त्यातलाच भरला. गाडी खरोखर मऊ वाजली. साधारण मारुतीच्या पारापर्यंत. तिथं पुंगळीतून आधी पांढरा धूर आला, मग पिवळा, मग जळक्या कापसाचा वास सगळ्या गल्लीत पसरला, आणि लोक गोठे पेटले की काय ते बघायला धावले. त्याचे वडील कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "ह्या कापसाला ह्याच्याहून जास्त भाव भेटत होता."

मग घासण्या आल्या. भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासण्या. ही कल्पना वेडगळ वाटते, पण मोटारीची हौस करणारे लोक जगभर सायलेन्सरमध्ये स्टीलची लोकर भरतात, आणि घासणी म्हणजे तीच, दुकानात दोरीला टांगलेली. तार जळत नाही, धूर तिच्यातून वाट काढतो आणि बारीक आवाज त्या गुंत्यात घासून मरतो. ऑपरेटरनं गावातल्या दोन्ही दुकानांतल्या घासण्या उचलल्या. आठवडाभर बायकांनी राखेनं भांडी घासली आणि प्रत्येक भांड्यामागं त्याच्या नावानं शिव्या दिल्या. भोकांची नळी फॅब्रिकेशनवाल्याकडंच मिळाली: हळद पॉलिशच्या ड्रमाला लावतात त्या जाळीदार पत्र्याचा उरलेला तुकडा गोल वळवून. एरवी त्या भोकांतून हळकुंडाची साल आणि माती बाहेर पडते, आता टॉप बाहेर पडणार होता. बाहेरून जाड पत्र्याचं नळकांडं, मध्ये घासण्या ठासून, आत जाळीची नळी. ह्याला तो रेझोनेटर म्हणतो. ते आवाज शोषणारं नळकांडं आहे, रेझोनेटर नव्हे, हे मी एकदा सांगून पाहिलं. "तुम्ही मराठीचे ना सर?" त्यानं अदबीनं विचारलं.

ह्यानं खरखर बसली. पण चार हजारांच्या आसपास गाडीत एक घुमारा उरला. हिंगोली रस्त्याला लागलं, गाडी पळायला लागली की कानात दडे बसायचे. ऑपरेटरला हा घुमारा म्हणजे आपला बेसच, पण बेशिस्त, असं वाटलं. मग एके रात्री गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं गणित उमटलं. गरम धुरात आवाज सेकंदाला साधारण पाचशे मीटर धावतो. सेकंदाला शंभर धमाके, म्हणजे एक लाट पाच मीटरची. तिचा चौथा हिस्सा सव्वा मीटर. मुख्य पाइपाला सव्वा मीटरची एक फांदी जोडायची आणि तिचं टोक बंद करायचं. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि येते ती नेमकी उलट्या पावलावर. बाहेर वाट बघत असलेल्या लाटेशी गाठ पडली की दोघी संपतात. गणित बरोबर होतं. मी घरी येऊन पुन्हा करून पाहिलं.

सबंध गाडीच सव्वातीन मीटरच्या थोडी वर. तिच्या पोटाखाली सव्वा मीटरचा, कुठंच न जाणारा पाइप लटकलेला बघून वडिलांनी अनेक महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ह्याचं तोंड बंद काहून? धूर कुठून जाईल?"

"धूर जायसाठी नाहीच तो, बाबा."

"मग?"

"आवाज जायसाठी हाय. आत जातो आन परत येतो."

"परत येतो तर धाडायचा कशाला?"

ह्याला उत्तर होतं, पण ते कोळशाच्या भिंतीपर्यंत जायला लावणारं होतं आणि वडिलांना धार काढायची होती.

ह्या सुमारास मी त्याला मॅक्सिम बापलेकांची गोष्ट सांगितली. बापानं, हायरम मॅक्सिमनं, 1884 साली आपोआप गोळ्या झाडणारी मशीनगन काढली आणि तिच्या आवाजानं स्वतःचे कान घालवले. पोरानं, हायरम पर्सी मॅक्सिमनं, 1909 साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि त्याच धर्तीवर इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. मला वाटलं होतं, ऑपरेटर भारावून जाईल. त्यानं थोडा विचार केला.

"म्हणजे बापाला ऐकू येईना, तवा पोरानं आवाज कमी केला?"

"हो."

"मग बापाला कळलं कसं, की पोरानं कायतरी केलंय?"

मी तेव्हा हसलो. पण त्याचं सगळं दुखणं ह्या एका प्रश्नात आलं होतं, हे मला पुढं कळलं.

कारण गाडी जमली. मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन त्यानं चुलतभावाला पुंगळीपासून ठरावीक पावलांवर उभं केलं आणि आकडे भिंतीवर लिहिले. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, हे सरकारचे 2000 सालचे नियम त्याला डीजेच्या काळापासून पाठ आहेत. तेव्हा मोडण्यासाठी पाठ केले होते. गाडी काही 55 वर आली नाही, पण स्वयंपाकघरातला मिक्सर गाडीपेक्षा जोरात भरला. शेंगदाण्याचं कूट करणाऱ्या बायकोला त्यानं मोबाईल दाखवला. तिनं मिक्सर थांबवला नाही.

आणि गावाला काहीच कळलं नाही. खरखर होती तेव्हा गाव बोलत होतं, शिव्या देत होतं, आजी पडशाची चौकशी करत होती. आता गाडी साध्या गाडीसारखी यायची आणि साध्या गाडीसारखी जायची. जाळीची नळी, घासण्या, उलट्या पावलाची लाट, वर्षभराची मेहनत, आणि कान टवकारून बघायला कुणी नाही. तो पारापाशी गाडी चालू ठेवून उभा राहू लागला.

"बंद कर की. पेट्रोल जळायलंय," कुणीतरी म्हणायचं.

"आवाज येतो का?"

"नाही."

"काहून येत नाही, इचारा."

कुणी विचारायचं नाही. मग तो न विचारता सांगायचा. गाडीचा आवाज बसत गेला तसतसा त्याचा स्वतःचा चढत गेला. दूध घालायला गेला तर डेअरीत रेझोनेटर, तेराव्याला गेला तर पंगतीत सव्वा मीटर. लोक आता गाडी दिसली की गल्ली बदलू लागले. पूर्वी निदान ती लांबून ऐकू यायची आणि पळायला वेळ मिळायचा.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याबरोबर हिंगोलीला निघालो होतो. रस्त्यात नाकाबंदी. हवालदारानं लांबूनच मनगटाएवढी पुंगळी हेरली आणि काठीनं गाडी बाजूला घ्यायला लावली. कायदा मला थोडाफार माहीत होता. आवाजाचं कलम लागलं तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, वर तीन महिने लायसन रद्द. हवालदारानं रेस द्यायला सांगितली. ऑपरेटरनं दिली. त्यानं पुन्हा द्यायला सांगितली. तो मागं जाऊन वाकला, पुंगळीशी कान नेला, आणि निराश होऊन उभा राहिला.

"शो साठी लावलीय का? जा."

मी सीटवर मागं टेकलो. ऑपरेटरनं गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"साहेब, काही इचारायचं नाही का?"

"काय विचारू?"

"एवढ्या पुंगळीचा आवाज काहून येत नाही ते."

पुढचा पाऊण तास मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली काढला. ऑपरेटर गाडीखाली आडवा होता, फक्त त्याच्या चपला आणि आवाज बाहेर येत होता. हवालदार उकिडवा बसून मोबाईलचा उजेड धरत होता. मूळ टाकी कशी काढली, ही पुंगळी कुणाकडून बनवली, नळकांड्यात काय काय भरलंय, बंद पाइप सव्वाच मीटरचा का. ट्रक निघून जात होते, विनाहेल्मेट पोरं निघून जात होती. मी जवळ जाऊन त्याच्या चपलेला दोनदा हात लावून पाहिला. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकानं गाडीत परवानगीशिवाय फेरबदल केले तर एकेका बदलामागं पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे, हे त्याला सांगायचं होतं. त्याला वाटलं, मी घाई करतोय.

हवालदार उठला. गुडघे झटकले. दंडाचं मशीन काढलं.

"हे सगळं बेकायदेशीर आहे, माहीत आहे ना? चला, तुमची मेहनत बघून एकच करतो. आवाजाचं."

गाडीखालून ऑपरेटर सरपटत बाहेर आला. तोंडाला काजळी, केसांत गवत.

"आवाजाचं? साहेब, आवाज कुठाय?"

"अहो, कमी लागेल म्हणून म्हणतो. बदलांचं लावलं तर एकेकाचे वेगळे लागतात. तीन बदल आहेत तुमचे."

"लावा की मग बदलांचं," ऑपरेटर म्हणाला. "पण तीन नाहीत साहेब, चार हायेत. तो बंद पाइप येगळा धरा."